ड्यूकची बाजू

बिशपची टोपी जेराल्डला जरा जास्तच शोभली, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

टोपी ओल्गाने, म्हणजे त्याच्या बायकोने, घरीच केली होती. सोनेरी पुठ्ठा, आतून जुन्या पडद्याचं अस्तर, पुढे लाल क्रॉस. जेराल्डने ती घालून अजमानच्या फ्लॅटमधल्या आरशात पाहिलं आणि त्याची मान आपोआप ताठ झाली. दिवसभर एका कार्गो कंपनीत कंटेनरांची कागदपत्रं पुढे सरकवणारा, मॅनेजरची हाक आली की हातातला चहा तसाच ठेवून उठणारा माणूस तो. अशा माणसाच्या डोक्यावर टोपी चढली की ती लवकर उतरत नाही.

शारजा-अजमानच्या वसईकर कॅथलिक मंडळाचा तो अध्यक्ष होता. कधीपासून, ते कोणालाच आठवत नव्हतं. दरवर्षी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचं मराठी नाटक व्हायचं. लिहायचा जेराल्ड, बसवायचा जेराल्ड, आणि मुख्य भूमिका कोण करणार हे विचारण्याचा वेडेपणा कोणी करत नसे.

यंदाचा विषय मात्र त्याच्या मुलीने पुरवला. सोफिया आर्किटेक्चर शिकत होती आणि एक सेमिस्टर पोलंडमध्ये, व्रोत्सवाफ नावाच्या शहरात काढून आली होती. तिथल्या एका चर्चचा फोटो तिने बापाला दाखवला. एकावर एक अशी दोन चर्च, दुमजली. "पपा, दिस होल थिंग इज बिकॉज ऑफ अ फाइट," ती म्हणाली, आणि जेराल्डने कान टवकारले. भांडण म्हटलं की नाटककाराला आणि शेजाऱ्याला सारखाच आनंद होतो.

भांडण साडेसातशे वर्षांपूर्वीचं. एका बाजूला तिथला ड्यूक हेन्रिक, दुसऱ्या बाजूला तिथले बिशप तोमाश. सरहद्दीवरच्या जंगलात चर्चने गावं वसवली. ड्यूक म्हणाला, जंगल माझं तर गावंही माझी. शिवाय पिकाचा दहावा हिस्सा कोणी कोणाला द्यायचा, हा घोळ होताच. प्रकरण पोपच्या प्रतिनिधीपुढे गेलं, निकाल बिशपच्या बाजूने लागला, ड्यूकने तो धुडकावला. मग बिशपने ड्यूकला धर्माबाहेर काढलं, आणि तेवढ्यावर न थांबता त्याच्या अख्ख्या मुलखावर बंदी, म्हणजे इंटरडिक्ट, घातला. चर्चची दारं बंद, घंटा मुक्या, मेलेल्या माणसासाठी प्रार्थना नाही. ड्यूकने बिशपला पळवून लावलं. बिशप राचिबुश नावाच्या गावाच्या आश्रयाला गेला, तर ड्यूक सैन्य घेऊन तिथेही हजर. वेढा पडला, आत लोकांचे हाल सुरू झाले. तेव्हा म्हणे बिशप पूर्ण पोशाखात, टोपी घालून वेशीबाहेर आला आणि सरळ ड्यूकच्या तंबूकडे चालू लागला. ड्यूक धावत येऊन त्याच्या पायाशी पडला. समेट झाला, आणि पुढे ते दुमजली चर्च उभं राहिलं. जुन्या बखरकाराने असं लिहून ठेवलंय. खरं-खोटं तो जाणे आणि त्याचा देव.

जेराल्डने नाटक भराभर लिहून काढलं. बिशप कोण होणार ते ठरलेलंच होतं. ड्यूक झाला केनेथ.

केनेथ त्याचा जिवाभावाचा मित्र. दोघेही वसईचे, दोघेही एकाच वर्षी इथे आखातात आले, आणि लग्नं होईपर्यंत शारजात एकाच खोलीत, एकाच लोखंडी पलंगाच्या वर-खाली झोपले. केनेथची आई गावाहून येणाऱ्या कोणाच्याही बॅगेत मसाल्याच्या दोन बाटल्या कोंबायची, एक केनेथला आणि एक जेराल्डला. जेराल्ड तिला मावशी म्हणायचा. केनेथ अल बर्शाच्या एका हॉटेलात बँक्वेटचा सुपरवायझर होता, राहायला अल नहदाला. अंगाने आडवा, आणि आवाज असा की त्याने कानात सांगितलेलं गुपित लिफ्टमधल्यांना कळावं. ड्यूकसाठी याहून चांगला माणूस मिळाला नसता.

पण या ड्यूकने संहिता वाचली. तिथेच घात झाला.

"जेराल्ड, ह्या ड्यूकला काही बाजूच नाहीये रे," तो जेराल्डच्या हॉलमधल्या तालमीत सगळ्यांसमोर म्हणाला. "एन्ट्री घेतो, ओरडतो, शेवटी पाया पडतो. हा काय कॅरेक्टर झाला?"

"अरे, तो व्हिलन आहे."

"कोण म्हणालं? मी नेटवर वाचलं. ते जंगल बॉर्डरच्या सेफ्टीसाठी राखून ठेवलेलं होतं, त्याच्या बापजाद्यांपासून. तिथे चर्चने गावं वसवली. आणि जज कोण, तर पोपचा माणूस. म्हणजे कंप्लेंट ज्याच्यावर, इन्क्वायरी पण त्याच्याच हेड ऑफिसची. एक तरी स्पीच दे ना त्याला."

लोक हसले. जेराल्डही हसला, पण ओठांनीच. "नाटक लांबेल," तो म्हणाला आणि विषय मिटवला. निदान त्याला तसं वाटलं.

पुढच्या तालमीला केनेथ स्वतःच भाषण लिहून घेऊन आला. आपली वेळ आल्यावर त्याने कोणाला न विचारता ते म्हणून टाकलं. "बिशपमहाराज, राग माझ्यावर आहे ना? मग माझं दार बंद करा. ज्या बाईने माझं तोंडही पाहिलं नाही, तिच्या लेकराचा बाप्तिस्मा का अडवता?" हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या, की जेराल्डला आपल्या कोणत्याही नाटकात तशा पडल्याचं आठवेना. भाषण चांगलं होतं. जेराल्डला ते कळलं, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

केनेथने ते भाषण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं. अंगठ्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं, घ्या ना नाटकात. कोणी म्हणालं, व्होटिंग करू या. अध्यक्ष असताना व्होटिंग! जेराल्डने त्या संध्याकाळी जेवण अर्धं टाकलं, केनेथला ग्रुपमधून काढलं, आणि ग्रुपला कुलूप घातलं. आता त्यावर फक्त ॲडमिन लिहू शकणार होता, आणि ॲडमिन एकच होता. 'नाटक होईपर्यंत ग्रुप बंद राहील. शिस्त पाळावी,' एवढं लिहून त्याने फोन पालथा ठेवला. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

"पपा, यू जस्ट डिड ॲन इंटरडिक्ट," सोफिया म्हणाली. मुलगी थट्टा करत होती की काय, हे बापाला समजलं नाही. त्याला थोडा अभिमानच वाटला.

आता हा ग्रुप काही नाटकापुरता नव्हता, हे सांगायला हवं. परदेशात माणसाच्या घरचं कोणी गेलं की त्याला दरवेळी मातीला पोचता येतंच असं नाही. कधी रजा नसते, कधी व्हिसा अडकलेला असतो. म्हणून मंडळाची रीत अशी, की ज्याच्या घरी दुःख झालं त्याने फक्त अध्यक्षाला फोन करायचा. बाकी काही करायचं नाही. अध्यक्ष ग्रुपवर टाकणार, आणि संध्याकाळी त्या घरी सगळे जमणार. दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, आत चटईवर बसून जपमाळ व्हायची, कोणी पाव आणायचं, कोणी उकडलेले चणे. दुःख झालेल्या बाईने त्या दिवशी चूल पेटवायची नाही. ही रीत जेराल्डनेच पाडलेली, आणि ती त्याच्या हातून घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट होती. रागाच्या भरात कुलूप घालताना तीच नेमकी त्याच्या ध्यानात आली नाही.

ड्यूकचं काम तात्पुरतं दुसऱ्याला देऊन तालमी चालू राहिल्या. केनेथ आपणहून येईल, अशी जेराल्डची खात्री होती. नाटकात त्याने स्वतःच तर तसं लिहिलं होतं.

त्या दिवशी शेवटचा प्रवेश चालला होता. जेराल्ड टोपी घालून सोफ्याच्या मागून, म्हणजे वेशीतून, बाहेर निघाला होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. केनेथ. जेराल्डने तो बंद केला. लगेच पुन्हा वाजला.

"ड्यूक येतोय वाटतं शरण," कोणीतरी म्हणालं.

जेराल्डने सगळ्यांकडे पाहिलं, टोपी सरळ केली आणि फोन उचलला. पलीकडून 'जेराल्ड' एवढं ऐकू आलं असेल-नसेल, तोच तो म्हणाला, "हबीबी, आधी गुडघे टेक, मग बोलू." आणि फोन ठेवून दिला. हॉलमध्ये हशा पिकला. प्रवेश पुन्हा पहिल्यापासून घेण्यात आला आणि फार छान झाला. केनेथचा फोन परत आला नाही.

बातमी आली ती वसईहून. रविवारी चर्चमध्ये मिस्सा करून जेराल्ड आणि ओल्गा घरी आली, तर ओल्गाच्या बहिणीचा, रोझाचा, फोन. ओल्गा स्वयंपाकघरात बोलत होती. ती बाहेर आली तेव्हा फोन तिच्या छातीशी धरलेला होता.

"केनेथची आई गेली," ती म्हणाली. "बुधवारी. रोझा मातीला जाऊन आली. मला विचारते, तुम्ही लोक तिकडे जमला असाल ना, जपमाळ मोठी झाली असेल ना."

बुधवारी तालीम होती. जेराल्डने फोन काढून पाहिला, जणू बघितल्याने वार बदलणार होता. मग तो खुर्चीवर बसला. मसाल्याच्या बाटलीवर मावशी चिकटपट्टी लावून त्याचं नाव लिहायची, ते वाकडं अक्षर त्याला दिसलं आणि त्याला रडू आलं. रडताना त्याला लाजही वाटली, कारण रडण्याचा हक्क आपण बुधवारीच घालवला, हे त्याला कळत होतं.

"दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं असेल त्याने," तो म्हणाला.

ओल्गाने मंडळातल्या दोन-तीन जणांना फोन केले. दोघांना माहीत होतं. केनेथच्या बायकोने, ब्रिजेटने, त्यांना सांगितलं होतं. एक म्हणाली, ग्रुपवर काही आलं नाही, म्हणून वाटलं प्रेसिडेंटला नको असेल. दुसरा म्हणाला, त्याला काढलंय ना, मग जायचं की नाही कळेना. भली माणसं, एरवी कोणाच्याही दुःखाला धावणारी. बंदी इतकी कडक पाळली जाईल, असं जेराल्डला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"चल, आत्ता निघू," तो उठला. दारातच त्याने ग्रुपचं कुलूप काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: केनेथच्या आई देवाघरी गेल्या. आज संध्याकाळी सात वाजता त्याच्या घरी जपमाळ. सर्वांनी यावं.

"त्याला विचारलंस?" ओल्गाने गाडीत विचारलं.

"विचारायचं काय त्यात? असल्या गोष्टी कोणी विचारून करतं का?"

ओल्गा खिडकीबाहेर बघत राहिली. अल नहदापर्यंत नेहमीसारखी गाडीला गाडी लागलेली होती, आणि जेराल्डच्या मांडीवर फोन सारखा थरथरत होता. हात जोडलेले, मेणबत्त्या, 'आम्ही येतोय', 'पाव मी आणते', 'देव त्यांना शांती देवो'. एक-एक वाचून त्याला जरा हलकं वाटू लागलं. मग त्याच्या लक्षात आलं, की हे सगळं केनेथला लिहिलेलं आहे आणि केनेथ ग्रुपमध्ये नाही.

दार ब्रिजेटने उघडलं. ओल्गाने तिला मिठी मारली. ब्रिजेटने मारू दिली. हॉलमध्ये केनेथ दाढी वाढलेला बसला होता. शेजारी जमालभाई होते, समोरच्या फ्लॅटमधले. जेराल्डला पाहून ते उठले, केनेथच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी गेले.

"नव्या कंपनीचा व्हिसा प्रोसेसमध्ये आहे," केनेथ म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "देशाबाहेर जाता आलं नाही. मोबाईलवर बघितली माती."

"केनेथ, मला खरंच—"

"मी चटई टाकली होती," ब्रिजेट मध्येच बोलली. ती फक्त ओल्गाशी बोलत होती. "मेणबत्ती लावली. चहासाठी मोठं पातेलं जमालभाईंच्या जैनबकडून आणलं. मला वाटलं, ग्रुपवर नाही तर नाही, ज्यांना सांगितलं ते तरी येतील. जैनब विचारते, आप के लोग कब आएँगे? काय सांगू मी तिला? शेवटी तीच बसली माझ्याजवळ, आणि जमालभाई ह्याच्याजवळ. त्यांना आपली जपमाळ येत नाही. नुसते बसले होते बिचारे."

जेराल्ड उभाच होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"फोन केला होता मी," केनेथ म्हणाला. तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "गुडघे टेक म्हणालास. मी टेकलेच होते रे. समोर मोबाईल ठेवला होता, तिकडे आईला घराबाहेर काढत होते, आणि आम्ही दोघं इथे खाली. म्हटलं, जेराल्डला सांगू, तो लितानीची प्रार्थना चांगली म्हणतो. आईला तुझी लितानी आवडायची."

"मला वाटलं, नाटकाचं बोलायला केलास. माझं चुकलं. केनेथ, माझं फार चुकलं." जेराल्ड एक पाऊल पुढे आला. "आज करू आपण. सगळे येतायत सातला. मी ग्रुपवर टाकलंय, बघ, किती जणांनी—" आणि त्याने फोन पुढे केला.

केनेथने फोनकडे पाहिलं नाही. "कोणाला विचारून टाकलंस?"

ओल्गाने मान खाली घातली.

"आज जे येतील ना," केनेथ सावकाश म्हणाला, "ते आईसाठी नाही येणार, जेराल्ड. ते तुझ्यासाठी येतील. तू बोलावलंस म्हणून येतील, तू नाही बोलावलंस तेव्हा नाही आले. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून माझ्या घरात जपमाळ नको."

"असं नको रे बोलू."

"तुझ्या नाटकात बिशप बंदी उठवतो, घंटा वाजतात, खलास, सगळं पूर्ववत. मधल्या काळात जे मेले त्यांचं काय? त्यांना कोण परत उकरून पुरणार आहे, घंटा वाजवून?" त्याने डोळे पुसले. तो चिडला असता, ओरडला असता, तर जेराल्डला परवडलं असतं. "मी रागाने नाही सांगत. भांडण वगैरे काही नाही. पण आज कोणी वर यायला नको. ब्रिजेटला पुन्हा तो चहा करायला लावू नकोस."

"मग लोकांना काय सांगू मी?"

"ते तू बघ," केनेथ म्हणाला. "प्रेसिडेंट तू आहेस."

ओल्गा ब्रिजेटजवळ थांबली. तिला कोणी जा म्हटलं नाही. जेराल्ड एकटा खाली आला. ग्रुपवर 'येऊ नका' असं लिहायला त्याने फोन काढला, पण पुढे कारण काय लिहायचं ते सुचेना, आणि तोवर पहिली गाडी आली होती.

नवरा-बायको आणि दोन मुलं उतरली. बाईच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं चण्यांचं भांडं होतं. जेराल्ड लॉबीच्या दाराशी आडवा झाला. "केनेथची तब्येत बरी नाही," तो म्हणाला. "आज राहू द्या." ती माणसं बिचारी हळहळली, भांडं तरी वर पोचवा म्हणाली. जेराल्डने तेही घेतलं नाही. मुलांना पुन्हा गाडीत बसवून ती अजमानच्या रस्त्याला लागली, आणि जेराल्डला स्वतःची शिसारी आली. आई गेलेल्या माणसाच्या नावावर आपण आणखी एक खोटं खपवलं होतं.

मागोमाग अंश आला. हा मंडळातला तरुण, बायकोमुळे वसईकर झालेला, आणि सध्याचा तात्पुरता ड्यूक. काखेत पावाची पिशवी. त्याच्या मागे आणखी तीन-चार जण रस्ता ओलांडत होते.

"अंकल, वर कुठला फ्लॅट?"

"वर जायचं नाही."

"का? काय झालं?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. जेराल्डच्या जिभेवर दुसरं एक कारण तयार होतंच, बिल्डिंगवाले गर्दी करू देत नाहीत वगैरे. ते त्याने गिळलं. मागचे लोकही जवळ आले आणि चपला काढायच्या तयारीतली माणसं थांबावीत तसे थांबले.

"केनेथला नको आहे," तो म्हणाला. "त्याने बुधवारी मला फोन केला होता, आई गेली हे सांगायला. तालीम चालू होती तेव्हा. मी त्याला बोलू दिलं नाही. आधी गुडघे टेक म्हणालो आणि ठेवून दिला. तो आणि ब्रिजेट वाट बघत बसले होते. कोणी गेलं नाही, ते माझ्यामुळे."

अंशने पावाची पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. जेराल्डला वाटलं, आता हा आपल्याला काहीतरी लागेल असं बोलेल, आणि बोलला तर बरंच होईल.

"पण अंकल," अंश हळूच म्हणाला, "तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो."

मागच्यांपैकी एका बाईने तोंडाला पदर लावला. मग ते सगळे तिथेच उभे राहिले. वर जाता येत नव्हतं आणि परत जायला पाय उचलत नव्हता. रस्त्याच्या पलीकडे आणखी एक ओळखीची गाडी पार्किंग शोधत होती. जेराल्ड त्यांच्यातून वाट काढून पुढे झाला आणि काच खाली होण्याची वाट बघत गाडीशेजारी उभा राहिला.